ग्रंज आल्यावर हार्ड रॉक खरंच संपलं होतं का? १९९२ ते १९९६ मधले ऐकायलाच हवेत असे अल्बम

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गन्स अँड रोझेस, एरोस्मिथ, डेफ लेपर्ड ऐकत मोठे झाले. १९९१ च्या शेवटी निर्वाणा हा ग्रंज (सिएटल शहराकडचं खरखरीत, उदास रॉक) वाजवणारा बँड आला आणि हार्ड रॉक संपलं, असं त्यांनी ठिकठिकाणी वाचलंय. त्या पडत्या वर्षांत मोठ्या लेबलांनी (रेकॉर्ड कंपन्यांनी) काढलेले, आजही ऐकावेत असे अल्बम कोणते, हे त्यांना हवंय. शिवाय ते जुन्या सीडीवर शोधायचे की स्ट्रीमिंगवरचे रीमास्टर (जुन्या मुद्रणावर नव्यानं काम केलेल्या आवृत्त्या) चालतील, असंही त्यांनी विचारलंय.

मी पुण्यात ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंगचं काम करतो. कॉलेजातल्या मुलांचे बँड गाणी घेऊन येतात तेव्हा तुलनेसाठी मी बहुतेक वेळा याच वर्षांतले अल्बम लावतो. त्या काळात रॉकचा आवाज अगदी दोन-तीन वर्षांत बदलला. काय बदललं आणि कशामुळे, हे त्या अल्बममध्ये कानाला स्पष्ट सापडतं. म्हणून या प्रश्नाचं उत्तर पाच नावांत देऊन मोकळं व्हायला मन होत नाही. कशामुळे एखादा अल्बम टिकला हे कळलं, तर पुढचे तुम्हाला स्वतःलाच शोधता येतील.

आधी प्रश्नच जरा नीट मांडू. ‘हार्ड रॉक संपलं’ हे विधान त्या काळातल्या विक्रीपुढे टिकत नाही. एरोस्मिथचा ‘गेट अ ग्रिप’ १९९३ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होता. व्हॅन हेलनचा ‘बॅलन्स’ १९९५ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. रशचा ‘काउंटरपार्ट्स’ १९९३ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर आला, त्याच्या वर फक्त पर्ल जॅम होता. आणि माझ्या कानाला अ‍ॅलिस इन चेन्सचा ‘डर्ट’ किंवा साउंडगार्डनचा ‘सुपरअननोन’ हेही हार्ड रॉकच आहेत. जड रिफ (गिटारची पुन्हापुन्हा येणारी छोटी सुरावट), ताकदीचा गळा, मोठे ड्रम्स, सगळं तिथं आहे. पाऊस पडत होता, फक्त दुसऱ्या शिवारात. कोरडं पडलं ते ऐंशीच्या दशकात एमटीव्हीवर मोठं झालेल्या बँड्सचं शेत.

तेव्हा खरा प्रश्न असा होतो: ज्यांचं नाव लेबलच्या यादीत अजून होतं, पण ज्यांच्यावरून लेबलचं लक्ष उडालं होतं, अशा बँड्सनी त्या चार-पाच वर्षांत काय केलं?

लक्ष उडालं म्हणजे नेमकं काय झालं, हे समजून घ्यायला हवं. मोठ्या लेबलचा करार एका अल्बमचा नसायचा, अनेक अल्बमचा असायचा. प्रत्येक अल्बमसाठी लेबल आगाऊ रक्कम द्यायचं आणि ती नंतर बँडच्या मानधनातून वळती व्हायची. ऐंशीच्या शेवटी ज्यांचे अल्बम लाखांनी खपले होते, त्यांच्या हातात नव्वदीच्या सुरुवातीला चांगले करार होते. मे १९९१ पासून अमेरिकेतला बिलबोर्ड तक्ता दुकानातल्या प्रत्यक्ष विक्रीच्या नोंदीवर बनायला लागला. त्याचा पहिला फायदा गंमत म्हणजे हार्ड रॉकलाच झाला: स्किड रोचा ‘स्लेव्ह टू द ग्राइंड’ जूनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर उतरला. सप्टेंबरात निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ आला, जानेवारी १९९२ मध्ये त्यानं मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला पहिल्या क्रमांकावरून खाली ओढलं, आणि लेबलमधल्या लोकांची नजर एका रात्रीत सिएटलकडे वळली. १९९५ मध्ये एमटीव्हीनं ‘हेडबँगर्स बॉल’ हा जड रॉकचा कार्यक्रमही बंद केला.

पैसा होता, महागडे स्टुडिओ होते, नामांकित प्रोड्युसर होते. पण रेडिओला काय हवंय हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं, आणि अल्बम आल्यावर तो पुढे रेटणारंही कुणी नव्हतं. या विचित्र अवस्थेतून दोन प्रकारचे कमजोर अल्बम निघाले. एक, काहीच झालं नाही अशा थाटात जुनंच पुन्हा केलेले. दुसरे, गिटारचं ट्यूनिंग खाली उतरवून, चेहरा पाडून, दुसऱ्याचं दुःख उसनं घेतलेले. आणि या दोन्हींच्या मध्ये काही मोजके अल्बम असे झाले, की ज्या बँड्सनी पहिल्यांदाच स्वतःला विचारलं, आता कुणी बघत नसेल तर आपल्याला नक्की काय वाजवायचंय? त्या काळातलं सगळं उत्तम काम मला या तिसऱ्या गटात सापडतं. बँडजवळ साधनं मोठ्या लेबलची होती आणि डोक्यावर अपेक्षेचं ओझं नव्हतं. हा योग त्याआधी नव्हता आणि नंतर बजेटच आटली.

ओळखायचं कसं? मी बँड्सना सांगतो तेच तुम्हालाही सांगतो. आवाज बाजूला काढा आणि गाणं एका साध्या गिटारवर म्हणून बघा. आवाज म्हणजे काय तेही सांगतो. ऐंशीत स्नेअर ड्रमवर (सेटमधला टणक वाजणारा ड्रम) मोठा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, टाकून तो मध्येच कापायचे, त्यामुळे प्रत्येक ठोका एखाद्या सभागृहात पडल्यासारखा यायचा. कोरसमध्ये आवाजांचे थरावर थर रचायचे. गिटार चकचकीत, गळा वरच्या पट्टीत. नव्वदीत स्नेअर कोरडा झाला, खोलीचाच आवाज ठेवला, सहावी तार सैल करून खाली उतरवली, गाणारा एकटा आणि जवळ आला. हा बदल कुठलाही चांगला इंजिनिअर एका आठवड्यात करून देतो. गाण्याची चाल, शब्दांचं वजन आणि ठेक्याची पकड मात्र आत बदलावी लागते. ज्या अल्बममध्ये आतून बदल झालाय तो आजही ताजा वाटतो. वरवर झालाय तो १९९४ चा म्हणून लगेच ओळखू येतो.

आता अल्बम. माझा पहिला क्रमांक किंग्ज एक्सच्या ‘डॉगमन’ला आहे, १९९४, अ‍ॅटलांटिक. टेक्ससमधले हे तिघे: डग पिनिक बास आणि मुख्य गायन, टाय टेबर गिटार, जेरी गॅस्किल ड्रम्स. हे ऐंशीच्या चमकदार टोळीतले कधीच नव्हते. त्यांच्याकडे बीटल्सच्या वळणाचे तीन आवाजांचे मेळ होते आणि पिनिकच्या गळ्यात चर्चमधल्या गॉस्पेल गाण्याची धग होती. पण आधीच्या अल्बममध्ये त्यांचा आवाज जरासा धुक्यात असायचा. ‘डॉगमन’साठी ब्रेंडन ओब्रायन आले, स्टोन टेम्पल पायलट्सचा ‘कोअर’ आणि पर्ल जॅमचा ‘व्हर्सस’ करणारे. त्यांनी धुकं काढून टाकलं. बास इतका पुढे आणला की पहिल्याच गाण्यात स्पीकरच्या कागदाला हात लावून बघावासा वाटतो. स्नेअर कोरडा आहे, पण मेलेला नाही. ड्रम्स ऐकताना गॅस्किल कुठल्या आकाराच्या खोलीत बसलाय हे कळतं. आणि एवढ्या जडपणावर ते तीन आवाजांचे मेळ तसेच तरंगतात. कमी वाद्यांत भरीव आवाज कसा काढायचा, हे शिकणाऱ्यांना मी हाच अल्बम ऐकवतो. लेबलची अपेक्षा होती तसा तो खपला नाही. मला त्याचं आजही वाईट वाटतं, कारण त्या वर्षी रेडिओवर जे वाजत होतं त्याच्या जवळपास जाणारा जुन्या यादीतला हा सगळ्यात प्रामाणिक अल्बम होता, आणि तो कुणाची नक्कल नव्हता.

दुसरा, आणि यावर वाद होतो: मॉटली क्रूचा १९९४ चा, बँडच्याच नावाचा अल्बम, इलेक्ट्रा. गायक व्हिन्स नील १९९२ मध्ये बाहेर पडला आणि त्याच्या जागी जॉन कोराबी आला. प्रोड्युसर बॉब रॉक. या एका माणसाकडे बघितलं तरी त्या काळाचा नकाशा दिसतो. १९८९ मध्ये त्यांनी मॉटली क्रूचाच ‘डॉक्टर फीलगुड’ केला, १९९१ मध्ये मेटॅलिकाचा काळा अल्बम, १९९२ मध्ये बाँ जोव्हीचा ‘कीप द फेथ’, १९९५ मध्ये स्किड रोचा ‘सबह्यूमन रेस’. ड्रम्स मोठे कसे करायचे हे त्या वेळी त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं असं मला वाटत नाही. १९९४ च्या या अल्बममध्ये टॉमी लीचे ड्रम्स मला त्याच्या सगळ्या कामात सर्वोत्तम वाटतात. रुंद, संथ, पोटात शिरणारे. कोराबीच्या गळ्याला ब्लूजची खरखर आहे आणि तो दुसरी गिटारही वाजवतो, त्यामुळे रिफना जाडी आली. ‘हूलिगन्स हॉलिडे’ ऐका, मग ‘मिसअंडरस्टूड’ ऐका: साध्या गिटारपासून सुरू होऊन ते गाणं कुठे जाऊन पोचतं बघा, आणि मागे डीप पर्पलमध्ये पूर्वी गाणाऱ्या ग्लेन ह्यूजचा आवाज येतो तो लक्षात घ्या. अल्बम अमेरिकेत सातव्या क्रमांकापर्यंत गेला, पण त्याआधीच्या अल्बमच्या मानानं विक्री फारच कमी झाली आणि दौरा लहान जागांत आला. १९९७ पर्यंत नील परत आला. अनेक चाहते म्हणतात, हा मॉटली क्रूच नव्हे, वेगळं नाव द्यायला हवं होतं. त्यात तथ्य आहे. जुन्या मॉटली क्रूमध्ये तुम्हाला मस्ती आवडत असेल तर ती इथे नाही. पण वाजवणं आवडत असेल, तर त्यांनी इतकं नीट त्याआधी किंवा नंतर वाजवलेलं नाही.

एक्स्ट्रीमचा ‘थ्री साइड्स टू एव्हरी स्टोरी’ सप्टेंबर १९९२ मध्ये ए अँड एमवर आला. त्याआधीच्या वर्षी ‘मोअर दॅन वर्ड्स’ हे दोन आवाज आणि एका गिटारचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. लेबलला त्याचीच दुसरी आवृत्ती चालली असती. नूनो बेटनकोर्ट आणि गॅरी शेरोन यांनी त्याऐवजी तीन भागांचा अल्बम केला: पहिला भाग जड आणि राजकीय, दुसरा खासगी आणि हळवा, तिसरा ऑर्केस्ट्रासह वीस मिनिटांहून मोठी सलग रचना. अल्बम इतका लांबला की एक गाणं सीडीवर मावलंच नाही, ते कॅसेटवर राहिलं. दुसरा भाग मध्ये थोडा रेंगाळतो, हे मान्य करतो. पण ‘रेस्ट इन पीस’मधली बेटनकोर्टची गिटार आणि शेवटच्या रचनेत रॉक बँड आणि ऑर्केस्ट्रा एकमेकांना वाट करून देतात ती पद्धत, यांसाठी मी हा अल्बम कितीही वेळा लावेन. असा अल्बम मोठ्या लेबलच्या पैशाशिवाय होऊ शकत नाही, आणि लेबल सावध असतं तर त्यांनी तो होऊ दिला नसता.

इथे आपल्याकडच्या ऐकणाऱ्यांबद्दल थोडं. मोठं लेबल असण्याचा महाराष्ट्रातल्या श्रोत्याला अगदी व्यावहारिक अर्थ होता: अल्बमची भारतात छापलेली कॅसेट मिळायची. मर्क्युरी आणि ए अँड एम पॉलिग्राममार्फत यायचे, वॉर्नर, अ‍ॅटलांटिक आणि इलेक्ट्रा मॅग्नासाउंडमार्फत. जे बँड मोठ्या लेबलवरून सुटले, ते आपल्या दुकानांतूनही गायब झाले. दुसरीकडे, उपग्रह वाहिन्या १९९१ पासून आल्या, त्यामुळे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी बाँ जोव्ही आणि निर्वाणा एकाच महिन्यात पहिल्यांदा पाहिले. अमेरिकेत जी एका पिढीनं दुसरीला केलेली हकालपट्टी होती, ती आपल्याकडे तशी जाणवलीच नाही. मुंबई-पुण्यात दोन्ही कॅसेटी एकाच फळीवर असायच्या. मला वाटतं, त्यामुळेच आपला कान या अल्बमबद्दल जास्त मोकळा राहिला.

एप्रिल १९९५ मध्ये डीप पर्पल मुंबईत, अंधेरीच्या क्रीडासंकुलात वाजवून गेले. रिची ब्लॅकमोर १९९३ च्या शेवटी दौऱ्याच्या मध्येच बँड सोडून गेला होता. काही काळ जो सॅट्रियानीनं सांभाळून घेतलं आणि मग स्टीव्ह मोर्स आला. त्या मुंबईच्या कार्यक्रमाचं चित्रण उपलब्ध आहे, जरूर बघा. त्यात ‘केन द मेकॅनिक’ नावानं एक नवं गाणं येतं. तेच पुढे १९९६ च्या ‘पर्पेन्डिक्युलर’ अल्बमचं पहिलं गाणं झालं, ‘टेड द मेकॅनिक’. म्हणजे त्या अल्बमची गाणी घडत असतानाच्या अवस्थेत मुंबईकरांनी ऐकली. ‘पर्पेन्डिक्युलर’ मी या यादीत फार वर ठेवतो. तिशीच्या उंबरठ्यावर आलेला बँड, सगळ्यांनी मोडीत काढलेला, आणि नव्या गिटारवादकामुळे त्याला पुन्हा वाजवायची भूक लागलेली. मोर्सच्या बोटांत जॅझ आहे, अमेरिकी कंट्री आहे. जॉन लॉर्डचा ऑर्गन त्याच्याशी भांडत नाही, बोलतो. ‘समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग’मधली मोर्सची सुरावट एकदा ऐकली की दिवसभर डोक्यात राहते. ग्रंजची सावलीसुद्धा या अल्बमवर नाही आणि जुन्या यशाची नक्कलही नाही.

१९९५ मध्येच बाँ जोव्हीही मुंबईत येऊन गेले, ‘दीज डेज’ बाजारात यायच्या आधी. अल्बम जूनमध्ये आला, मर्क्युरी. बाँ जोव्ही म्हटलं की बरेच जण नाक मुरडतात, पण हा अल्बम ऐकताना ते नाव विसरून जा. प्रोड्युसर पीटर कॉलिन्स, ज्यांनी रश आणि क्वीन्सराइक यांच्याबरोबर काम केलं होतं. ‘हे गॉड’नं सुरुवात होते आणि पहिल्या मिनिटातच कळतं की सगळं ठीक होईल असं सांगणारा जुना बाँ जोव्ही इथे नाही. शब्दांत बेघर आहेत, हरलेले आहेत, वय वाढल्याची जाणीव आहे. रिची सॅम्बोराची गिटार कमी बोलते आणि नेमकं बोलते. इंग्लंडमध्ये या अल्बमनं मायकल जॅक्सनच्या ‘हिस्टरी’ला पहिल्या क्रमांकावरून हलवलं. अमेरिकेत तो नवव्या क्रमांकावर राहिला. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे: कोरडी वर्षं मुख्यतः अमेरिकेची होती. इंग्लंडमध्ये थंडर आणि लिटल एंजल्स यांच्यासारखे सरळ हार्ड रॉक बँड तक्त्याच्या वरच्या जागांवर जात होते, वाइल्डहार्ट्सनी १९९३ मध्ये ‘अर्थ व्हर्सस द वाइल्डहार्ट्स’सारखा धडाकेबाज अल्बम दिला, आणि जपानमध्ये मिस्टर बिगसारखे बँड आरामात मोठ्या सभागृहांत वाजवत होते.

डेफ लेपर्डचा ‘स्लँग’, १९९६, विचारणाऱ्यांना नक्की ऐकायचा असेल, कारण त्यांचं आवडतं नाव आहे. यावर मी थोडा थांबतो, कारण इंजिनिअर म्हणून हा अल्बम मला फार जवळचा आहे. ‘हिस्टेरिया’ आणि ‘अ‍ॅड्रेनलाइज’ हे अल्बम थर रचून बांधलेले होते. एकेक आवाज, एकेक तार वेगळी मुद्रित करून बसवलेली. ‘स्लँग’मध्ये त्यांनी स्पेनमध्ये एक घर घेऊन, एकत्र बसून वाजवलं. रिक अ‍ॅलननं १९८४ च्या अपघातात डावा हात गमावला होता आणि तेव्हापासून तो प्रामुख्यानं इलेक्ट्रॉनिक ड्रम्सवर वाजवत होता. इथे तो पुन्हा खऱ्या चामड्याच्या आवाजाच्या ड्रम्सकडे आला. ‘ट्रुथ’ आणि ‘पर्ल ऑफ यूफोरिया’मध्ये त्याचा ठेका जो श्वास घेतो, तो त्यांच्या जुन्या अल्बममध्ये नाही. ‘टर्न टू डस्ट’मध्ये सारंगी आहे, आणि श्रेयनामावलीत पंडित रामनारायण यांचं नाव वाचून मला अभिमान वाटला होता. सारंगी नुसती सजावट म्हणून येते की गाण्याचा भाग होते, हे तुम्हीच ऐकून ठरवा. माझ्या मते तिथे ती शोभते, कारण गाण्याची चालच एका स्वराभोवती फिरणारी आहे. सगळा अल्बम सारखा चांगला नाही. शीर्षकगीत मला कधीच आवडलं नाही, तिथे फॅशन वरवरची आहे. म्हणून पहिल्या तिघांच्या खाली. पण धाडस म्हणाल तर सगळ्यात मोठं यांचंच, कारण गमवायला सगळ्यात जास्त यांच्याकडेच होतं.

आणखी काही पटकन. किसचा ‘रिव्हेंज’, १९९२: ड्रमर एरिक कारच्या मृत्यूनंतरचा, बॉब एझरिन प्रोड्युसर, आणि ‘अनहोली’ ऐकल्यावर हा बँड विनोद म्हणून घेणं थांबतं. टेस्लाचा ‘बस्ट अ नट’, १९९४: जीन्स घालून आधीही वाजवत होते, नंतरही वाजवत राहिले, त्यांना काही बदलावंच लागलं नाही. लिव्हिंग कलरचा ‘स्टेन’, १९९३: रागीट आणि दाट, तुम्हाला आवडला तर खूपच आवडेल. स्किड रोचा ‘सबह्यूमन रेस’ आवाजाला उत्तम आहे, पण गाणी ‘स्लेव्ह टू द ग्राइंड’च्या तोडीची नाहीत.

सिंडरेलाच्या ‘स्टिल क्लायंबिंग’बद्दल मात्र दोन ओळी जास्त लिहितो. १९९१ मध्ये टॉम कीफरचा गळा बसला. डाव्या स्वररज्जूला अंशतः लकवा असल्याचं निदान झालं, शस्त्रक्रिया झाल्या, वर्षं गेली. अल्बम १९९४ च्या नोव्हेंबरात आला तेव्हा बाजार पूर्ण उलटला होता. अमेरिकेत तो १७८ व्या क्रमांकावर अडकला आणि लेबलनं त्यांना सोडून दिलं. ब्लूज अंगात मुरलेला, नीट बांधलेला, हृदयातून आलेला अल्बम आहे. गायकाच्या घशाची ही कहाणी माहीत असेल तर काही ओळी अंगावर येतात. तो सर्वोत्तमांत बसतो का, याबद्दल मी तटस्थ राहू शकत नाही. तुम्ही ऐकून कळवा.

काही नावं मी मुद्दाम बाहेर ठेवलीत. ब्लॅक क्रोजचा १९९२ चा अल्बम थोर आहे, पण त्यांना दुष्काळ लागलाच नव्हता. तो पहिल्या क्रमांकावर होता. ऑझी ऑझबर्नचा ‘ऑझमोसिस’ मला हेवी मेटलकडे झुकणारा वाटतो. डेव्हिड कव्हरडेल आणि जिमी पेज यांचा १९९३ चा एकत्र अल्बम गाजावाजा मोठा असूनही दोन-तीन गाण्यांपलीकडे मला धरून ठेवत नाही. यावर तुमचं मत वेगळं असू शकतं.

बऱ्याच गोष्टी तुमच्या कानावर अवलंबून आहेत. तुम्ही गन्स अँड रोझेसमध्ये स्लॅशची गिटार ऐकत असाल, तर मॉटली क्रू आणि टेस्लापासून सुरुवात करा. एरोस्मिथमधली नाचरी पकड आवडत असेल तर ‘थ्री साइड्स’चा पहिला भाग. डेफ लेपर्डचे कोरस आवडत असतील तर ‘स्लँग’कडे थेट जाऊ नका, निराश व्हाल. आधी ‘दीज डेज’, मग ‘डॉगमन’, आणि कोरड्या आवाजाला कान सरावला की ‘स्लँग’. शिवाय यातले बरेच अल्बम तासाच्या आसपास किंवा त्याहून मोठे आहेत. सीडीवर जागा मिळाली म्हणून सगळ्यांनी ती भरली. एका बैठकीत ऐकून निकाल देऊ नका. अर्धा आज, अर्धा उद्या, असं केलंत तर मागची चांगली गाणी थकलेल्या कानावर पडणार नाहीत.

आता सीडी की स्ट्रीमिंग. साधारण १९९५ पर्यंतच्या मूळ सीडींचं मास्टरिंग (छापण्याआधी आवाज अखेरचा बसवण्याचं काम) आजच्या मानानं हळू आवाजाचं आहे. सीडी लावल्यावर आवाजाचं बटण वर न्यावं लागतं, आणि ती चांगली खूण आहे. आवाजाला एक कमाल मर्यादा असते. नंतरच्या रीमास्टरमध्ये बहुतेकदा सरासरी आवाज त्या मर्यादेपर्यंत दाबून वर आणतात. पहिल्यांदा ऐकताना ते जोमदार वाटतं, पण स्नेअरचा फटका आणि त्यामागची शांतता यांतलं अंतर कमी होतं, आणि रॉकमध्ये सगळा जीव त्या अंतरात असतो. शिवाय स्ट्रीमिंग सेवा सगळी गाणी एका पातळीला आणतात. स्पॉटिफायची पातळी साधारण उणे १४ एलयूएफएस (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) असते. म्हणजे मोठं केलेलं रीमास्टर तिथे परत खाली ओढलं जातं: जोर जातो आणि दाबलेपण तेवढं राहतं. म्हणून जिथे पर्याय असेल तिथे मूळ आवृत्ती निवडा. यादीत अल्बमच्या नावापुढे रीमास्टर असं लिहिलेलं नसेल आणि वर्ष मूळचं असेल, तर बहुधा ती जुनीच असते. त्यातल्या त्यात ‘डॉगमन’ आणि मॉटली क्रू या दोन्हींच्या जुन्या सीडी मिळाल्या तर सोडू नका, कारण त्यांत ड्रम्स हाच अर्धा अल्बम आहे. ‘थ्री साइड्स’ स्ट्रीमिंगवर ऐकलात तरी फारसं बिघडणार नाही. फक्त शेवटच्या वीस मिनिटांसाठी फोनचा स्पीकर वापरू नका, चांगले हेडफोन लावा आणि गाण्यांमधला आपोआप येणारा विराम बंद करा, कारण ती तिन्ही गाणी एकमेकांत जोडलेली आहेत.